पाखरांची बोली आणि आपले कान

(वैशाखरे येथे विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)

हे भाषण मी वैशाखऱ्याला केले. स्मरणिकेसाठी ते लिहून द्यावे असा आग्रह झाला, तेव्हा समोर बसलेल्या मुलांच्या जागी आता आपण बसला आहात असे समजून ते लिहीत आहे.

आपल्यापैकी काहींना हे गाव ठाऊक असेल. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाकडे निघाले की घाट लागण्यापूर्वी वैशाखरे येते. नाणेघाटाची जुनी वाट याच बाजूने वर जुन्नरकडे चढते. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल तांड्यांनी त्या वाटेने देशावर नेला. वर गुहेत ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. ज्या वाटेने माल चढला, त्या वाटेने माणसांच्या बोलीही चढल्या आणि उतरल्या असतील. म्हणून 'भाषेतील पक्षी' या विषयाला ही जागा मला योग्य वाटली.

मेळाव्याच्या दिवशी राब भाजून झालेले होते. आभाळ भरून येऊन नुसतेच थांबले होते. मी बोलायला उभा राहिलो, आणि मागच्या ऐनाच्या झाडावरून पावशा ओरडू लागला. मुले हसली. मी म्हटले, "हसू नका. आजचे खरे वक्ते तेच आहेत. मी फक्त आभार मानायला उभा आहे."

आता एक गंमत पाहा. पावशाची हाक एकच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती 'पेरते व्हा, पेरते व्हा' अशी ऐकू येते. उत्तरेकडे याच पक्ष्याला पपीहा म्हणतात, आणि तेथील विरही माणसाला तो 'पी कहाँ' असे विचारताना ऐकू येतो. इंग्रज साहेब या देशात आला. उन्हाळ्याने तो बेजार झालेला, तापाने धास्तावलेला. त्याला त्याच हाकेत 'ब्रेन फीव्हर', म्हणजे मेंदूचा ज्वर, ऐकू आला, आणि इंग्रजीत त्या पक्ष्याचे ते नावच पडले. पक्षी तोच आणि सूरही तोच. शेतकऱ्याने पेरणी ऐकली, प्रेमिकाने सखा ऐकला, साहेबाने आजार ऐकला.

तित्तिराविषयी माझी दादी अशीच एक गोष्ट सांगत असे. तित्तिर ओरडतो तेव्हा फकिराला ऐकू येते, 'सुब्हान तेरी कुदरत'. दुकानदाराला ऐकू येते, 'नून, तेल, अदरक'. तालमीतल्या पहिलवानाला ऐकू येते, 'दंड, मुगदर, कसरत'. गोष्ट संपली की दादी आम्हा नातवंडांना विचारी, "तुला काय ऐकू आले?" मी नेहमी खाण्याचा पदार्थ सांगे. त्यावरून माझी भूक तिला कळत असे.

सारांश, पक्षी त्याचे त्याचे बोलत असतो. त्यात अर्थ घालतो तो आपला कान. आजचे माझे सगळे भाषण एवढ्या एका वाक्यावर आहे. परंतु हे वाक्य वाटते तितके साधे नाही, कारण हाच कान पुढे पाखरांवर अन्याय करतो, आणि पाखरांवर थांबत नाही.

प्रथम नावे घेऊ. पुष्कळ पक्ष्यांनी आपली नावे आपणच सांगितली आहेत. 'काव काव' करतो तो कावळा, 'कुहू' करतो तो कोकीळ, 'टिटिव टिव' करते ती टिटवी. डोक्यावर तुरा मिरवीत हिवाळ्यात आपल्या शेतांत फिरणारा हुदहुद घ्या. अरबीत तो हुदहुद, लॅटिनमध्ये उपुपा, इंग्रजीत हूपू. तीन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, पण तिघींनी त्याच्याच तोंडून त्याचे नाव उचलले. हजरत सुलेमान यांना सबा देशाच्या राणीची बातमी आणून देणारा पक्षी तो हाच. कुराणातल्या त्या कथेत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. एवढ्या थोर बादशहाला ठाऊक नव्हते ते एका लहानशा पाखराला ठाऊक होते, आणि बादशहाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

कधी भाषा गैरसमजातूनही पक्षी घडवते. कुराणातल्या हत्तीवाल्यांच्या कथेत 'अबाबील' हा शब्द येतो. अरबीत त्याचा अर्थ थव्याथव्यांनी येणारे असा आहे. उर्दूत मात्र अबाबील हे एका पक्ष्याचेच नाव होऊन बसले, ज्याला आपण पाकोळी म्हणतो त्याच्यासारख्याचे. एका विशेषणाला पंख फुटले, ते असे.

आता 'शकुन' या शब्दाकडे या. आपण म्हणतो, शुभशकुन झाला, अपशकुन झाला. संस्कृतात 'शकुन' या शब्दाचा एक जुना अर्थ आहे पक्षी. 'शकुंत' म्हणजेही पक्षी. रानात टाकलेल्या तान्ह्या मुलीला पक्ष्यांनी सांभाळले म्हणून कण्व ऋषींनी तिचे नाव शकुंतला ठेवले, अशी महाभारतातली कथा आहे. म्हणजे आधी पक्षी होता. मग त्याच्या उडण्यावरून आणि ओरडण्यावरून माणूस आपले भविष्य काढू लागला. हळूहळू पक्षी उडून गेला आणि शब्दात उरले ते फक्त भय.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. लॅटिनमध्ये पक्ष्याला 'एविस' म्हणतात. पक्षी पाहून कौल लावण्याच्या रोमन लोकांच्या विधीवरून 'ऑस्पिशियम' शब्द झाला, आणि त्यावरून इंग्रजीतला 'ऑस्पिशस', म्हणजे शुभ. अरबीत पक्ष्याला 'तैर' म्हणतात, आणि अपशकुनाला शब्द आहे 'तियरा', तो त्याच धातूपासून आलेला. इस्लामपूर्व काळात अरब माणूस कामाला निघताना पाखरू उडवून पाही. ते उजवीकडे गेले तर पुढे जाई, डावीकडे गेले तर माघारी फिरे. पैगंबरांनी ही चाल मोडली. तियरा नाही आणि घुबडाचा अपशकुनही नाही, असे सांगणारी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तरी आपल्या घरांतून काय चालते ते आपण जाणतो. घुबड घुमले की म्हातारी माणसे कुजबुजतात, आणि टिटवी रात्री ओरडली की शेजारणी एकमेकींकडे पाहतात. या बाबतीत कुठल्या एका समाजाने दुसऱ्याला हसावे अशी परिस्थिती नाही.

टिटवीची बाजू ऐका. ती जमिनीवर, उघड्या माळावर अंडी घालते. रात्री कोल्हा, कुत्रा किंवा माणूस जवळून गेला की ती ओरडते. ती जागी असलेली आई आहे. आपण मात्र तिच्या काळजीला आपल्या मरणाची वर्दी समजतो.

कावळ्याचे तर नशीबच चमत्कारिक. मराठी मुलाच्या पहिल्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे असते. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, आणि दार ठोठावणारा भिजलेला कावळाच गोष्टीत हास्यास्पद ठरतो. म्हणींतही तोच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी नाव कावळ्याचे. तरीसुद्धा तोच दारात ओरडला की पाहुणे येणार म्हणून घरधनीण तांदूळ जास्त टाकते. हिंदू घरात दहाव्या दिवशी पिंडाजवळ त्याचीच वाट पाहतात. कुराणात आदमचा मुलगा भावाचा खून करून बसतो, आणि पुढे काय करावे हे त्याला उमगत नाही. तेव्हा अल्लाह एक कावळा पाठवतो. तो कावळा जमीन उकरून दाखवतो आणि माणसाला दफन शिकवतो. दोन वेगळ्या धर्मांनी मृत्यूच्या उंबरठ्यावर एकाच काळ्या पाखराला उभे करावे, यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. ज्याला आपण दारातून हाकलतो, त्याच्यापुढेच शेवटी आपण हात जोडतो किंवा त्याच्याकडून शिकतो.

आणि त्याच कावळ्याच्या घरट्यात कोकिळेची अंडी असतात. कावळी ती उबवते, परकी पिले भरवते. आपण गोडवे गातो ते कोकिळेचे. त्यातही आपली एक चूक आहे. 'कोकिळा गाते' असे पाठ्यपुस्तकात वाचले, आणि मीही अनेक वर्षे तेच शिकवले. वास्तविक वसंतात 'कुहू' करतो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची. तिचा आवाज चिरका असतो.

उलट चूक सुगरणीच्या बाबतीत. ते विणलेले, झुलते घरटे पाहून मराठी माणसाने त्या पक्ष्याला 'सुगरण' असे बाईचे नाव दिले, आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेने ते घरोघरी पोचवले. परंतु घरटे विणतो तो नर. १९३० साली अलिबागजवळ किहीमला सालिम अली यांनी या पक्ष्यांकडे महिनोन्‌महिने बारकाईने पाहिले. नर अर्धे घरटे विणतो, मग माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले की नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. अंडी उबवणे आणि पिलांचे पोट भरणे हे मुख्यतः मादीकडे. म्हणजे बहिणाबाईंना त्यात आईची माया दिसली ती खोटी नव्हती, पण विणकामाचे श्रेय मात्र चुकीच्या खात्यावर जमा झाले. एकाचे गाणे दुसरीच्या नावावर आणि एकाचे विणकाम दुसरीच्या नावावर, असे भाषा सहज करून जाते. म्हणून कोणी तरी बसून पाहावे लागते.

सालिम अली मुंबईचे. जन्म १८९६ चा. आईबाप लहानपणीच गेले, आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाणे योग्य की नाही, असा प्रश्न घेऊन तो मुलगा मामाकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. तिथून एक आयुष्य सुरू झाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले, आणि १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी ती पडलेली चिमणीच ठेवली. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना एकदा सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. आणि त्याहून अधिक हे लक्षात ठेवावे की मुलाने विचारलेल्या एका विचित्र प्रश्नाला मामाने 'गप बस' असे उत्तर दिले नाही.

आता घुबड. कोणाला मूर्ख म्हणायचे तर उर्दूत 'उल्लू', कोणाला अशुभ म्हणायचे तर मराठीत 'घुबड'. उंदीर खाऊन आपले धान्य राखणारा हा पक्षी अंधश्रद्धेपायी मारला जातो, विकला जातो. त्याचाच लहान भाऊ पिंगळा. माझ्या लहानपणी पहाटे अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत, पिंगळा नावाचाच भिक्षेकरी येई. मला पिंगळ्या पाखराची भाषा कळते असे तो सांगे, आणि घराचे भविष्य बोले. दादीचा भविष्यावर विश्वास नव्हता, पण ती त्याच्या झोळीत सुपातले तांदूळ घाली. ती म्हणे, "पाखरू कुणाचे वाईट करीत नाही. त्याला त्याचे पोट आहे. या माणसालाही त्याचे पोट आहे."

पिंगळ्याच्या कुळातला एक पक्षी आहे वनपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता, संपला असेच सर्व धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा पाहिला. आणि २०१४ साली तो कुठे दिसला? आपल्या शहापूरच्या अंगणात, तानसा अभयारण्यात. ज्या तलावाचे पाणी मुंबई पिते, त्याच्या काठच्या सागात. हा पक्षी दिवसाही बाहेर असतो. तो इथे होता. 'नाही' असे आपण लिहून ठेवले होते.

गिधाडांचे उलट झाले. ती आहेतच असे आपण गृहीत धरले होते. लोभी माणसाला आपण गिधाड म्हणतो. पण खरे गिधाड मेलेले ढोर खाऊन गाव स्वच्छ ठेवते, जिवंताला हात लावत नाही. १९९० नंतरच्या सुमारे १५ वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण. ते औषध दिलेल्या ढोराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. शिवी तेवढी शिल्लक राहिली.

वाचकहो, आता पावशाने आठवण करून दिलेली ती गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

सुमारे ४० वर्षांपूर्वी मी घाटाखालच्या एका वाडीवर प्राथमिक शिक्षक होतो. पटावर कातकऱ्यांची मुले होती. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबे कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात. पुढे कोणी कोणी भोंगाशाळा चालवल्या. त्या वेळी माझ्याकडे फक्त हजेरीपट होता, आणि त्यात सहा-सात महिने गैरहजेरीच्या खुणा. पावशा ओरडू लागला की समजावे, मुले आली. शेतकऱ्याला तो 'पेरते व्हा' म्हणत असेल, पण माझ्या कानाला तो 'मुले आली' असे म्हणे.

त्यांत एक मुलगा होता. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसे. वाचन अडखळत, गणित नाही. बोलणे तर नाहीच. अशाच एका जूनमध्ये तो दारात उभा राहिला, आणि मी वर्गाला म्हणालो, "या, पावशा आला बरे का! पाऊस आला की येतो, पाऊस गेला की जातो." सगळा वर्ग हसला. पुढे मुले त्याला पावशाच म्हणू लागली. मलाही आपण फार चांगले बोललो असे वाटले.

दोन-तीन दिवसांनी सुट्टी झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. मान खाली. म्हणाला, "गुरुजी, पावशा कुठं जात नाय."

मी विचारले, "म्हणजे?"

"तो हितंच असतो. हिवाळ्यात गप ऱ्हातो. गप असतो म्हणून तुमाला वाटतं गेला. चातक येतो नि जातो. पावशा नाय जात."

मी त्याला 'बरे, जा' म्हणालो. पुढे कित्येक वर्षांनी पक्ष्यांवरची पुस्तके वाचताना ते सापडले. पावशा हा आपल्या रानातलाच रहिवासी. हिवाळ्यात तो ओरडत नाही, म्हणून नजरेतून सुटतो. चातक मात्र पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो. मुलाचे शब्द अन् शब्द खरे होते. त्या वर्गात पक्ष्यांविषयी सर्वांत अधिक ज्ञान असलेली व्यक्ती शेवटच्या रांगेत होती, आणि परीक्षेत पोपटपंची करणाऱ्यांना मी पैकीच्या पैकी गुण देत होतो.

त्या दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला. पुढच्या जूनमध्ये पावशा ओरडला, कुटुंब परत आले, तो शाळेत आला नाही. मी वाडीवर गेलो. बाप म्हणाला, "त्याला लाज वाटते गुरुजी." कशाची, ते मी विचारले नाही. मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही आणि परत आलो. हजेरीपटातून त्याचे नाव मी माझ्याच हाताने कमी केले.

वैशाखऱ्याला हे सांगून झाल्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही. मग मागून एका पालकाने विचारले, "मग गुरुजी, पाखरांची नावे घेऊच नयेत का?" प्रश्न रास्त आहे. घ्यावीत, अवश्य घ्यावीत. मुलाला लाडाने चिऊ म्हणावे, राघू म्हणावे. धाडसी मुलीच्या भरारीला गरुडाची उपमा द्यावी. भाषेतून पाखरे गेली तर भाषा मुकी होईल. माझे म्हणणे इतकेच की नाव ठेवण्यापूर्वी एकदा त्या पाखराकडे नीट पाहावे आणि ज्याला ठेवतो त्याच्याकडेही पाहावे. घुबड, गिधाड, कावळा, हे शब्द पोराच्या अंगावर फेकताना ते पाखरू खरोखर काय करते हे आपल्याला ठाऊक असते का? आणि ते पोर काय जाणते, हे?

आपल्या संस्थेच्या शाळांतून अनेक शिक्षक ही स्मरणिका वाचतील. त्यांना मी हात जोडून एक काम सांगतो. येत्या पावसाळ्यात एक दिवस पुस्तक मिटा आणि वर्गाला विचारा, तुम्हांला कोणकोणती पाखरे ठाऊक आहेत? शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा. जो गप असेल, त्याच्यापाशी थोडे अधिक थांबा.

माझ्या घरामागे आजही ज्येष्ठात पावशा ओरडतो. आता मला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येत नाही आणि 'मुले आली' असेही नाही. 'कुठं जात नाय' एवढेच ऐकू येते.